प्रतिक्रियेला उत्तर : इब्री ६ आणि तारणाची खात्री

बंधू,

तुमचे म्हणणे थोडक्यात असे: खरा विश्वासणारा शेवटपर्यंत राखला जातो या माझ्या लिहिण्याने लोकांना पाप करायला मोकळीक मिळते, तारण (पापातून देवाने केलेली सुटका) गमावता येते हे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ६:४-६ मध्ये स्पष्ट आहे, आणि वर्षानुवर्षे वचन सांगणारा तुमचा मित्र आज येशूचे नावही घेत नाही, त्याचे काय?

इब्री ६ टाळून या विषयावर बोलणे प्रामाणिकपणाचे नाही. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, असे तिथे म्हटले आहे. हे शब्द मला सौम्य करायचे नाहीत. पण तुम्हीच लिहिता की गेलेले तारण पश्चात्तापाने परत मिळते. या वचनांचा तुम्ही लावता तो अर्थ धरला, तर परतीची वाटच बंद होते. मग तुमच्या मित्रासाठी तुम्ही प्रार्थना तरी कशी कराल?

मला उलगडा पुढच्याच ओळींत दिसतो. तोच पाऊस पिऊन एक जमीन पीक देते, दुसरी काटेकुसळे. आणि नवव्या वचनात लेखक वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो, त्यांच्याविषयी याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची आपल्याला खात्री आहे असे सांगतो. म्हणजे एवढे सगळे अनुभवूनही माणूस तारणाबाहेर असू शकतो. हे वाचताना मला आजही भीती वाटते. पुढे येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदा इस्कर्योतालाही इतर अकरा शिष्यांबरोबर प्रचाराला पाठवले होते.

देव राखणारच असेल तर हे इशारे कशाला, असे तुम्ही विचारता. प्रेषितांची कृत्ये २७ वाचा. जहाज वादळात सापडले असताना देवदूताचा निरोप मिळाल्यावर प्रेषित पौल सर्वांना सांगतो की कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही. त्यात कसलीही अट नाही. पुढे खलाशी जहाजावरची होडी समुद्रात उतरवून पळू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला बजावतो की हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. ते ऐकून शिपाई होडीचे दोर कापतात आणि २७६ जण सुखरूप किनाऱ्याला लागतात. देवाचे वचन पुरे झाले ते त्या इशाऱ्यामुळे शिपाई जागे झाले म्हणून. इब्री लोकांस पत्रातले इशारे मी असेच वाचतो. देव आपल्या लोकांना राखतो तो त्यांना हलवून, घाबरवून, वेळेवर जागे करून.

हा वाद जुना आहे. रोमन कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवले की नीतिमान ठरलेला माणूस कृपा गमावू शकतो. १६१० मध्ये डच धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांनी आपल्या मतांच्या पाच कलमांपैकी पाचव्या कलमात हा प्रश्न अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने संत, म्हणजे खरे विश्वासणारे, शेवटपर्यंत टिकून राहतात असा निर्णय दिला. पण खरे विश्वासणारेही दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र यांच्यासारखे घोर पापात पडू शकतात हेही तिने स्पष्ट लिहिले. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली तुमच्या बाजूचे होते. त्यांना मी भाऊच मानतो, आणि तुम्हालाही.

आता मोकळिकीबद्दल. ‘माझे तारण झाले आहे’ म्हणत कोणी पापात निवांत बसला असेल, तर योहान १०:२८ मधला, येशूच्या मेंढरांना त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही हा दिलासा त्याने घेऊ नये. आधीच्याच वचनात ती मेंढरे कोणती ते सांगितले आहे: जी मेंढपाळाची वाणी ऐकतात आणि त्याच्या मागे चालतात. पण पडून रडणाऱ्याला, ‘आता मी देवाचा उरलो नाही’ म्हणून झोप उडालेल्याला, मी हे वचन नाकारणार नाही. पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून प्रभूने प्रार्थना केली ती त्याने प्रभूला नाकारण्याच्या आधी. पेत्र उभा राहिला तो त्या प्रार्थनेमुळे. मीही रोज त्याच आधारावर उठतो. माझ्या निष्ठेवर उठावे लागले असते तर मी कधीच संपलो असतो.

तुमच्या मित्राविषयी निकाल देणारा मी कोण? १ योहान २:१९ म्हणते की जे निघून गेले ते आपले नव्हतेच. पण तो अजून जिवंत आहे, आणि पेत्रानेही शपथा घेऊन ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटले होते. त्याचे तारण होते की नव्हते हा वाद त्याच्याशी घालू नका. जाऊन भेटा, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगाल तशी त्याला ख्रिस्ताची सुवार्ता सांगा. तुमचे मत खरे असो वा माझे, त्याला आज हवी आहे ती हीच.