लिनक्स एकट्याचं काम नाही, राजेहो

गावच्या ग्रुपवर दोन दिवसापासून मेसेज फिरून राह्यला की लिनस टोरवाल्ड्स नावाच्या पोरानं १९९१ मधे एकट्यानं लिनक्स ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम (कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली) बनवली अन् जगाला फुकट वाटली. अर्धंच खरं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

त्यानं सुरू केला तो कर्नल, म्हणजे मेमरी, डिस्क, प्रोसेसर सांभाळणारा गाभा. बाकीची बरीचशी अवजारं आधीच तयार होती, काहून की रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं सप्टेंबर १९८३ मधेच जीएनयूची, म्हणजे सगळ्यांना मोकळेपणी वापरता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायच्या प्रकल्पाची, घोषणा केली होती, त्यातला जीसीसी कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा) १९८७ ला आला, बॅश (टाइप केलेले हुकूम चालवणारा प्रोग्राम) १९८९ ला, अन् लिनसनं ऑगस्ट १९९१ मधे लोकांना पहिल्यांदा कळवलं तेव्हा स्वतःच लिहिलं होतं की बॅश अन् जीसीसी यावर चालवले. वाचनालयातल्या जुन्या पीसीवर लिनक्स आहे ना, टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून बॅशचं व्हर्जन विचारा, पहिल्याच ओळीत जीएनयू दिसते. काल पोरांना दाखवलं तं दोघं खुर्ची ओढून जवळच बसले.

अन् ते 'फुकट'. उलट पहिल्या लायसन्समधे लिनक्स वाटायचे पैसे घ्यायला मनाई होती, १९९२ मधे जीपीएल, म्हणजे जीएनयूचंच लायसन्स, लावलं तेव्हा ती अट गेली. पैसे घ्या, पण सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) द्या, अन् घेणाऱ्याला बदलायची, पुढं वाटायची मोकळीक ठेवा. तुरीचं घरचं बियाणं असते तसं, विकत घेतलं तरी पुढच्या वर्षी पेराले, शेजाऱ्याले द्याले कोणी अडवत नाही.

मेसेज पाठवायचाच असन तं स्टॉलमनचं अन् जीएनयूचं नाव टाकून पाठवा.