पार्ट निघालाय

खंडेनवमीला आमच्या ब्लोअरला, म्हणजे द्राक्षबागेत औषध फवारायच्या यंत्राला, झेंडूचा हार घातला होता. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आईने सहाशे लिटरच्या टाकीलाही ओवाळलं. एवढा मानपान घेऊन हा गडी दिवाळीच्या तोंडावर रुसला.

पहाटे साडेपाचला पंपातून खोकल्यासारखा आवाज आला. झाकण उघडून पाहतो तर तेल पांढरंफेक. ज्यांच्या घरी ब्लोअर नाही त्यांच्यासाठी सांगतो: पंपात एका बाजूला औषधाचं पाणी, दुसऱ्या बाजूला तेल आणि दोघांच्या मध्ये तळहाताएवढी रबराची चकती असते. तिला डायफ्रॅम म्हणतात. ती फाटली की तेला-पाण्याची गळाभेट होते आणि पंपात बासुंदी तयार होते. आमच्याकडे दिवाळीचं पहिलं पक्वान्न ते झालं.

बागेला छाटणी होऊन पस्तीस दिवस झाले होते, म्हणजे ऐन फुलोरा. रात्री पाऊस पडून गेलेला. अशा वेळी पाऊस उघडला की औषध पडलंच पाहिजे, कारण पानं-घड काही तास ओले राहिले की डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, कामाला लागते. डावणी रात्रपाळी करते, सुट्टी घेत नाही आणि तिचं कुठलंही काम पार्टवाचून अडत नाही.

मी तडक नाशिकला शोरूम गाठलं. याच शोरूमचा सेल्समन ब्लोअर विकताना तीनदा बांधावर आला होता. द्राक्षं खाऊन मला ‘काका’ म्हणाला होता. डिलिव्हरीच्या दिवशी मला फेटा बांधून, हातात पेढ्यांचा बॉक्स देऊन फोटो काढला होता. तो फोटो अजूनही पार्टच्या काउंटरवर टांगलेला आहे आणि काउंटरसमोरचं बाकडं बरोबर त्याच्याखाली. पुढचे अकरा दिवस मी त्या बाकड्यावर बसून होतो आणि वरून मीच माझ्याकडे बघून हसत होतो.

काउंटरवर सेल्समन नसतो, दुसराच पोरगा असतो. हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत.

“डायफ्रॅम पाहिजे.”

“पार्ट नंबर सांगा.”

पुस्तिका उंदरांनी खाल्ली होती. मी पिशवीतून फाटकी चकती काढून दाखवली. त्याने तिच्याकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघितलं.

“स्टॉक निल दाखवतंय. डेपोला ऑर्डर टाकावी लागेल. दोन दिवस.”

“मग टाक.”

“एका चकतीची नाही घेत काका. ऑर्डर पाच हजारांची व्हावी लागते. तुमची चारशे वीसची आहे. अजून कुणाकुणाचं काही फुटू द्या, मग एकत्र टाकतो.”

मी वारकरी घरातला माणूस. रोज हरिपाठ म्हणतो. पण त्या दिवशी घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बागांतून चालणाऱ्या ब्लोअरकडे मी कोणत्या नजरेने बघत होतो, ते विठ्ठलालाच माहीत. चौथ्या दिवशी शेजारच्या आप्पांच्या ब्लोअरचा गिअरबॉक्स गेल्याचं कळलं. तोंडाने “अरेरे” निघालं, मनात मात्र हिशेब सुरू झाला, की गिअरबॉक्स म्हणजे एका फटक्यात पाच हजार पार! मीच त्यांना गाडीवर बसवून शोरूमला नेलं. आप्पा अजून म्हणतात, शेजारी असावा तर असा.

शोरूमवाल्या शेठचंही अगदी खोटं नाही. दर दोन वर्षांनी मॉडेल बदलतं, पंप बदलतो, चकती अर्ध्या सुताने लहान-मोठी होते. मग जुन्या चकत्या कपाटात पैसे अडकवून बसतात. पण हे शहाणपण मला आज सुचतंय. त्या बाकड्यावर सुचत नव्हतं.

ऑर्डर गेली आणि ‘निघालाय’ पर्व सुरू झालं. सकाळी फोन केला, “निघालाय काका.” संध्याकाळी, “निघालाय, ट्रान्सपोर्टला पडलाय.” मग डेपोला दिवाळीची पाच दिवस सुट्टी. सुट्टी संपली तरी तो पार्ट निघालेलाच. आमच्या पणजोबांना काशीला जाऊन यायला इतके दिवस लागले नसतील. दहाव्या दिवशी म्हणाला, “गाडी नाशकात आलीय, द्वारका चौकात अडकलीय.” एवढ्यावर मात्र माझा लगेच विश्वास बसला. द्वारकेची कोंडी ही शंका घ्यायची गोष्ट नाही.

दुःख वेगळंच आहे. आमच्या नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. आधी मिग झाली, मग सुखोई. मी बंद ब्लोअरशेजारी उभा असताना डोक्यावरून एक विमान कान फाडत गेलं. नाशिकच्याच सातपूर-अंबडला गाड्यांचे पार्ट बनतात. देशाच्या नोटा नाशिकरोडला छापतात. म्हणजे विमान आमचं, गाडीचा पार्ट आमचा, तो घ्यायला लागणारी नोटसुद्धा आमची. फक्त चारशे वीस रुपयांचं रबर परमुलखातून यायचं.

आई म्हणाली, “ब्लोअर नव्हते तेव्हा बागा नव्हत्या का?” तिच्या बोलण्यात तथ्य होतं. डावणीवरचं जुनं औषध, बोर्डो मिश्रण, निघालं तेच मुळी ब्लोअरशिवाय. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षांना लोकांनी हात लावू नये म्हणून शेतकरी मोरचूद-चुन्याचं निळं पाणी वेलींवर शिंपडायचे. तेवढ्याच वेलींवर डावणी कमी, हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत भरलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जगाला सांगितलं. त्या शेतकऱ्यांचं नशीब बघा, शिंपडायला त्यांना कुणाचा पार्ट नंबर लागला नाही. पण तीन एकर बाग खराट्याने शिंपडायची म्हटल्यावर आमच्या घरातून कुणी पुढे येईना. आईसुद्धा.

म्हणून पार्टची वाट न बघता मी सुरुवातीलाच चाचांकडे गेलो होतो. चाचांच्या गॅरेजला पाटी नाही, कॉम्प्युटर नाही, आणि ‘निल’ हा शब्द नाही. त्यांनी फाटकी चकती जमिनीवर ठेवली, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब तिच्यावर पसरली, खडूने गोल काढला आणि कात्री चालवली. चहा येईपर्यंत पंप जोडून झाला होता. “प्रेशर जास्त देऊ नको. दोन टाक्या निघतील, तिसरीचा भरवसा नाही.”

चाचांचा शब्द म्हणजे शब्द. बरोबर अडीच टाक्यांनी ट्यूब फाटली. सहा ओळी राहिल्या. त्या मी आणि बायकोने पाठीवरच्या पंपाने मारल्या, पण तोवर उशीर झालेला. आठवड्याने पानांवर तेलकट डाग दिसले, ते नेमके त्याच सहा ओळींत. पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. डावणीला मात्र पत्ता बरोबर सापडतो.

अकराव्या दिवशी पार्ट आला. भल्यामोठ्या खोक्यात, थर्माकोलमध्ये, नवरीसारखा नटून. मी एकाच्या जागी तीन घेतले. बायको म्हणाली, “अहो, तीन कशाला?” मी म्हटलं, “एक पंपाला, एक कपाटात आणि एक देव्हाऱ्यात.”

पैसे देऊन झाले, बिल झालं. निघताना मी पोराला म्हटलं, “बाळा, एक काम कर. तो वरचा माझा फोटो तेवढा काढून टाक.”

त्याने मान वर करून फेट्यातल्या मला बघितलं, मग खालच्या मला बघितलं.

“काढतो ना काका. त्या जागी लावायला नवीन फ्रेम मागवलीय.”

“कधी येणार?”

“निघालीय.”