पेंग्विनला शहाळं चालत नाही

आमच्या भागातल्या बागेत फायबरचा एक पेंग्विन आहे, कचऱ्याचा डबा. पोटावर इंग्रजीत ‘यूज मी’, आणि त्याखाली, त्याहून ठळक अक्षरांत, ज्यांच्या निधीतून तो आला त्यांचं नाव. काल रिकामं शहाळं हातात घेऊन मी त्याच्यासमोर उभी. शहाळं सात-आठ इंचांचं, चोच उघडी जेमतेम पाच इंच. म्हणून मागे गेले. अशा डब्यांना पाठीत दार असतं, आतली बादली काढायला. कडीला हात लावते तोच—

“ओ मॅडम! मागून नाही! मागचं दार स्टाफसाठी आहे!”

बाकावर एक काका. कानटोपी, छातीवर ज्येष्ठ नागरिक संघाचा बिल्ला.

“काका, चोचीतून जात नाहीये.”

“मग ते तुमचं शहाळं चुकलं. चोच बघून खरेदी करायची.”

“काहीही काय! डबा कचऱ्यासाठी आहे ना?”

“बारीक कचऱ्यासाठी. पेंग्विन काय खातो? मासे. नारळ खातो का?”

पेंग्विन कुरकुऱ्यांची पाकिटंही खात नाही, असं मी म्हटलं. काका दुखावले.

“उगाच वाद घालू नका. उद्घाटनाला मी स्वतः हजर होतो. साहेबांनी पहिला कागद टाकला. कोरा कागद, चुरगाळून. कचरा आणायचा राहिला होता.”

“मग मी हे कुठे टाकू?”

“त्या गुलमोहराखाली ठेवा. सगळे तिथेच ठेवतात.”

खरंच तिथे शहाळ्यांचा ढीग होता. बागेच्या फाटकातच शहाळेवाला बसतो, त्यामुळे इथल्या कचऱ्यात सर्वाधिक जागा शहाळीच खाणार, हे डबा मागवण्याआधी तासभर फाटकाशी उभं राहिलं तरी कळलं असतं. पण आपल्याकडे डबा ठरतो तो फोटोत कसा दिसेल यावर.

कल्पकतेला माझा विरोध नाही. 2009 मध्ये स्टॉकहोमच्या एका बागेतल्या डब्यात सेन्सर आणि स्पीकर बसवला होता. कागद टाकला की खोल दरीत पडत गेल्यासारखी शिट्टी, आणि शेवटी धप्प. लोक आवाज ऐकायला कचरा शोधून आणत. दिवसात 72 किलो जमला, शेजारच्या साध्या डब्यापेक्षा 41 किलो जास्त. आपल्याकडे तो स्पीकर संध्याकाळी भजनीमंडळात वाजला असता, ते सोडा.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाने सौरऊर्जेवर कचरा दाबणारे डबे बसवले. एकात साध्या डब्याच्या पाचपट कचरा मावतो, त्यामुळे आठवड्याच्या 17 फेऱ्या 5 वर आल्या. अडलं कुठे? हँडलला. ते बरबटलेलं असतं, हात लावायला कोण धजणार? कचरा डब्याच्या डोक्यावर. मग पायाने दाबायचं पेडल आलं.

आणि आपली ती स्टीलची जोडगोळी, हिरवा आणि निळा, दोन खांबांमध्ये बाजूच्या खिळ्यांवर टांगलेली. रिकामा डबा सरळ राहतो, कारण त्याचा भार खिळ्यांच्या खाली असतो. वरपर्यंत भरला की भार खिळ्यांच्या वर जातो, आणि मग त्याला सरळ धरून ठेवते ती फक्त बाजूची कडी. कडी भंगारात गेलेली असते. कुत्र्याने नाक लावलं की डबा पालथा, सगळा ऐवज आपल्या चपलांवर. शिवाय पत्रा जाळीदार, म्हणजे ओल्या कचऱ्याचं पाणी सरळ फुटपाथवर.

पेंग्विनला तेवढीही सोय नाही. चोच कायम उघडी, पाऊस थेट पोटात, आणि तळाला पाणी जायला भोक नाही. श्रावणात तिथे डासांचं पाळणाघर चालतं. शिवाय चोच पुढे आणि बादली मधोमध, त्यामुळे निम्मा कचरा बादलीच्या बाहेर, फायबरच्या पोकळीत पडतो. तो हातानेच उपसावा लागतो. 60 लिटरची बादली ओल्या कचऱ्याने भरली की सहज 25-30 किलोंची होते. तिला कान एकच, दाराची चौकट बादलीपेक्षा बोटभरच रुंद, आणि फायबरची कड तासलेली नाही. सफाईची बाई वाकून ती ओढते तेव्हा तिची मनगटं त्या कडेवर घासतात. हातमोजे मागितले तर पुढच्या निविदेत बघू म्हणतात. पेंग्विनला नवा रंग मात्र दर दिवाळीला लागतो.