आबाजींना ऐकू येत होते

गेली सोळा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अधिपरिचारिका म्हणून काम करते आहे, आणि ही पोस्ट आधी माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल आहे. मागच्या उन्हाळ्यात पुरुष वॉर्डात सत्तरी ओलांडलेले एक आबाजी दाखल होते. साखर वाढलेली, त्यामुळे इन्सुलिन नव्यानेच सुरू झालेले. जेवणाच्या किती आधी, किती युनिट, कुठे टोचायचे, हे मी त्यांना तीनदा सांगितले आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने सांगितले. शेवटी मी त्यांच्याकडे पाठ करून त्यांच्या मुलाला समजावू लागले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, मले आयकू येते. समजत नाही."

म्हातारपणी कान कसा अधू होतो, हे मी अभ्यासक्रमात शिकले होते. पण त्याचे इतके नेमके वर्णन तोवर कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने गळून पडतात. बोलणे कानापर्यंत येते, पण शब्द लागत नाहीत. त्यात बाईमाणूस ओरडू लागले की आवाज आणखी वर चढतो, म्हणजे जिथे कान अधू झाला आहे तिथेच जातो. करायचे असते ते याच्या उलट. समोर बसावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसावे, शक्य असल्यास मास्क खाली घ्यावा म्हणजे ओठ दिसतात, आवाज खालच्या पट्टीत आणावा, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि कूलर बंद करावा. (मे महिन्यात कूलर बंद केल्यावर शेजारच्या खाटांवरून जे ऐकावे लागते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.)

दुसऱ्या दिवशी मी तसे केले आणि शेवटी "समजले का?" असे न विचारता सिरिंज त्यांच्याच हाती देऊन म्हटले, "आबाजी, आता तुम्ही मला दाखवा." चाळीसच्या (म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट इन्सुलिन असलेल्या) बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज घ्यायची, हे त्यांना पाठ झालेले होते, अडचण होती ती सिरिंजवरच्या बारीक रेघांची. चष्मा घरी राहिला होता, आणि इतके दिवस आम्हांपैकी कोणीही त्याबद्दल विचारले नव्हते. मुलाने चष्मा आणून दिल्यावर त्यांनी औषध मुलापेक्षा चोख भरले. चाळीस वर्षे फवारणीचे औषध मापाने पंपात टाकणाऱ्या माणसाला आम्ही लहान लेकरासारखे समजावत होतो.

आम्ही लहान मुलाशी त्याचे वय पाहून बोलतो, पण अठराच्या पुढचे सगळे आमच्या लेखी एकाच वयाचे असतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या मनोसामाजिक वाढीचे जे आठ टप्पे मांडले, त्यांतले पाच किशोरवयापर्यंतच संपतात आणि उरलेल्या तिनांत सगळे प्रौढपण येते: तरुणपणी जवळचे नाते जोडणे, मध्यमवयात मागून येणाऱ्यांसाठी काही उभे करणे, आणि म्हातारपणी आपल्या गेलेल्या आयुष्याचा अर्थ लावणे. आम्ही परीक्षेपुरते हे पाठ केले. वॉर्डात त्याचा उपयोग कसा करायचा हे मात्र मला एका शेतकऱ्यामुळे उशिरा कळले.

पंचेचाळिशीचा माणूस, मधुमेह, पायाची चिघळलेली जखम. कापूस वेचणीचे दिवस होते. रोज ड्रेसिंग हवे म्हणून मी त्याला "पाय कापावा लागेल" अशी भीती घातली आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघून गेला. आम्ही त्याच्या कागदावर "ऐकत नाही" असा शेरा मारून मोकळे झालो. त्याची खरी अडचण वजनकाट्याची होती, हे नंतर त्याच्या गावच्या आशाताईंकडून कळले. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर द्यायची असते. संध्याकाळी काट्याजवळ घरचा माणूस उभा नसला की हिशेब बिघडतो, आणि त्याच हिशेबावर बाराव्या वर्गातल्या मुलीची पुढची फी अवलंबून होती. मध्यमवयीन माणसाला त्याच्या जिवाची भीती घालून फारसा उपयोग होत नाही, कारण तो स्वतःकडे घर उभे धरणारा खांब म्हणून पाहतो, रुग्ण म्हणून पाहतच नाही. पुढे अशाच दुसऱ्या रुग्णाला मी आधी विचारले, "काट्यावर कोण उभं राहते?" मग पुढच्या पेरणीपर्यंत हा पाय टिकवायचा आहे असे बोलणे झाले, आणि सकाळचे ड्रेसिंग त्याच्या गावच्या उपकेंद्रात सोपवले. तो रोज गेला.

तरुणांबद्दल थोडेच लिहिते. आमच्याकडे सिकलसेलचे, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे, रुग्ण बरेच. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही गोष्ट एकवीस वर्षांच्या मुलीला सासूच्या देखत सांगणे म्हणजे तिला तोंड बंद ठेवायला सांगणे आहे. ड्रेसिंगच्या खोलीत दोघींनीच बसले, तर ती पहिला प्रश्न स्वतः विचारते.

पुस्तकातली वयाची चौकट इकडे जशीच्या तशी बसत नाही, हेही सांगायला हवे. वडील गेल्यावर बाविसाव्या वर्षी सातबारा आणि पीककर्ज अंगावर आलेला मुलगा मध्यमवयाचेच ओझे वाहत असतो, तर साठीची एखादी विधवा आता कुठे बचतगटाची अध्यक्ष होऊन बँकेत एकटी जाऊ लागलेली असते. केसपेपरवर वय लिहिलेले असते; टप्पा मात्र विचारूनच कळतो.

यावर माझ्या सहकारी हमखास म्हणतात की एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असताना हे सगळे करायला वेळ कुठला. तक्रार खोटी नाही, मीही रात्रपाळीत तेच म्हणते. पण आबाजींवर तीनदा ओरडण्यात माझा जेवढा वेळ गेला, त्याच्या निम्म्या वेळात ते सिरिंज भरायला शिकले. हल्ली मी केसपेपरच्या मागे पेन्सिलने एक ओळ लिहून ठेवते: "चष्मा घरी", "काट्यावर कोणी नाही", "सासूसमोर बोलत नाही". राउंडला आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी परवा कागद उलटून विचारले, "सिस्टर, हे काय आहे?" मी त्यांना सांगितले, "आधी मागची बाजू वाचा, सर."