कर विचारून घ्यावा लागतो : ‘जमाखर्च’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जमाखर्च’ साहेब, टोपणनाव वाचूनच वाटलं होतं की हा माणूस बेरीज तपासल्याशिवाय सोडायचा नाही. इतरांसाठी : सरकारी कर्जावरच्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की कर्जापेक्षा कर बरा, कारण कर लोकांना विचारून घ्यावा लागतो. त्यावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे. डेव्हिड ह्यूम आणि अ‍ॅडम स्मिथ या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश विचारवंतांना पुढे करून मी ‘ऋण काढून सण’ छापाचा उपदेश केला, ब्रिटन तर कर्ज काढूनच मोठा झाला. सरकारी कर्ज म्हणजे या खिशातलं त्या खिशात. सरकारी कर्जरोख्यांचा बाजार सरकारचा कान धरतो, त्याला मी टाळ्या वाजवतो. आणि जाता जाता : स्मिथनंतरचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो मी अर्धाच वाचलाय.

पहिलं मान्य. राष्ट्र कर्जाला मारेल नाहीतर कर्ज राष्ट्राला मारेल, असं ह्यूमनं १७५२ मध्ये बजावलं, तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर आठ कोटी पौंडांच्या आसपास कर्ज होतं. नेपोलियनशी लढाया संपल्या तेव्हा ते ऐंशी कोटींच्या वर गेलं होतं. राष्ट्र मेलं नाही, उलट पुढची शंभर वर्षं जगावर राज्य केलं. ज्योतिषी म्हणून ह्यूम नापास.

पण स्मिथचा मुद्दा दिवाळखोरीपाशी थांबत नाही, आणि मला तोच सांगायचा होता. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात तो राजधानीतल्या माणसाचं चित्र काढतो. रणांगण कोसो दूर. हा घरी बसून वर्तमानपत्रात आपल्या आरमाराचे पराक्रम वाचतो. सरकारनं खर्च कर्जातून भागवल्यामुळे कर किंचितच वाढलाय, आणि तेवढ्यात करमणूक होतेय. तह झाला की गडी हिरमुसतो! स्मिथ म्हणतो, त्या त्या वर्षीचा युद्धखर्च त्या त्या वर्षीच्या करातून काढायला लावा, मग युद्धं लवकर संपतील आणि उठसूट सुरूही होणार नाहीत. कर लावायचा तर लोकांना विचारावं लागतं, निदान त्यांची ओरड ऐकावी लागते. कर्जाला तेवढा त्रास नाही.

आता खिशांचं. हा युक्तिवाद स्मिथच्याही कानावर आला होता. ‘उजवा हात डाव्याला देतो, त्यात बिघडलं काय’ असं म्हणणारे तेव्हाही होते; त्यानं त्याला व्यापारी पंथाचा (पैसा देशाबाहेर गेला नाही की नुकसान नाही, असं मानणाऱ्यांचा) कुतर्क म्हणून उडवून लावलं. हात एकाच अंगाचे असते तर ठीक. १८१६ चा ब्रिटन बघा. सरकारची इच्छा नसतानाही संसदेनं आयकर रद्द करून टाकला. मागे राहिलं ते युद्धाचं कर्ज, त्याचं व्याज वर्षाला तीन कोटी पौंडांच्या घरात. ते निघायचं कशातून? साबण, मेणबत्ती, मीठ, चहा, बिअरचं माल्ट यांवरच्या करांतून. व्याज जायचं रोखेधारकांच्या घरी. मेणबत्ती विकत घेणाऱ्या बाईला मत नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही बहुधा नव्हतं. हा खिसा आणि तो खिसा एकाच कोटाचे होते, असं तुम्ही म्हणाल का?

बाजाराबद्दल मी टाळ्या वाजवल्या असं वाटलं असेल तर लिहिण्यात चूक झाली. मला म्हणायचं होतं ते एवढंच की बाजाराला भरवसा लागतो, आणि एकट्या राजावर तो बसत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं १६७२ मध्ये सावकारांचे पैसे सरळ अडकवून ठेवले. (आपल्याकडे बाजीराव पेशवे ब्रह्मेंद्रस्वामींना लिहितात की सावकारांच्या पायांवर डोकं घासून कपाळाचं कातडं गेलं. तिथे राज्याचं कर्ज आणि पेशव्यांचं कर्ज वेगळं काढणं अवघडच.) १६८८ च्या क्रांतीत राजावर संसदेचा वचक बसला, त्यानंतर कर्जामागे संसद उभी राहिली आणि इंग्लंडला पैसा सहज मिळू लागला. मात्र त्या संसदेत बसलेले लोक बव्हंशी जमीनदार आणि पैसेवालेच. ऋणकोच्या घरात धनकोच कारभारी. तेव्हा बाजार खूश म्हणजे जनता राजी, असं समीकरण मी तरी मांडणार नाही.

राहिला रिकार्डो. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘कर घ्या की कर्ज काढा, सारखंच, असं रिकार्डो म्हणतो’ हे माझं वाक्य अर्धवट आहे. त्याचं उदाहरण असं : युद्धाला वर्षाला दोन कोटी पौंड लागतात. ते एकदम कर लावून घ्या, किंवा पाच टक्क्यांनी कर्ज काढून दरवर्षी दहा लाख व्याज भरत राहा. हिशेबानं दोन्ही एकच. पण लगेच तो म्हणतो, लोक असा हिशेब करतच नाहीत.

आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायची होती. प्रत्येकी एकदम चाळीस हजार, की पाच वर्षं महिना नऊशे? चाळीस हजारांना तीन हात वर आले, नऊशेंना बाकी सगळे. त्यांत दोघं असे होते ज्यांचे फ्लॅट विकायला काढलेले होते. सभेचं इतिवृत्त लिहून घेणारा मीच होतो, आणि खरं सांगायचं तर माझाही हात नऊशेंना होता.

रिकार्डो स्वतः सरकारी कर्जाच्या धंद्यात गब्बर झालेला. वॉटर्लूच्या काही दिवस आधी उभारलेल्या कर्जातही तो होता. त्याचा अर्थशास्त्रज्ञ मित्र माल्थस याचाही त्यात हिस्सा होता; माझा हिस्सा लवकर विका, असं माल्थसनं रिकार्डोला कळवलं आणि मोठ्या नफ्याला मुकला. रिकार्डोनं स्वतःचा धरून ठेवला. पुढे १८१९ मध्ये आयर्लंडातल्या पोर्टारलिंग्टनची संसदेतली जागा त्यानं चक्क पैसे मोजून मिळवली आणि त्या संसदेत बसून मताधिकार वाढवा, मतदान गुप्त करा, असं सांगू लागला. सगळ्या मालमत्तेवर एकदाच पट्टी बसवून कर्ज फेडून टाका, असंही तो सांगे. तोवर त्याचा पैसा जमिनींत गेला होता, म्हणजे मोठी पट्टी त्यालाच बसली असती. संसदेनं ते काही मनावर घेतलं नाही.

लेखातलं ते वाक्य आज बदललंय. चूक तुम्ही दाखवली अशी टीपही खाली टाकली आहे. नाव नको असेल तर कळवा, काढतो.