आधी टॉर्च, मग सिरियल नंबर

जुन्या रेंजफाइंडर लेन्सची (रेंजफाइंडर म्हणजे फोकससाठी अंतर मोजणारा कॅमेऱ्यातला भाग) किंमत नाव आणि सिरियल नंबरावरून ठरवा, असं एका लेखात वाचलं. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी काच बघा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. एरवी न दिसणारा धुरकटपणा आणि बुरशीचे धागे लगेच दिसतात. चार धूलिकणांनी काही बिघडत नाही. धुरकटपणाने मात्र कॉन्ट्रास्ट जातो, आणि तो दर वेळी पुसून निघेलच असं नाही.

लायका या जर्मन कंपनीच्या ५० मिमी एफ/२ समार लेन्सची पुढची काच मऊ, पटकन ओरखडे पडणारी. म्हणून स्वच्छ काचेच्या समारला जास्त पैसे मोजणं मला पटतं.

नकली मालाबद्दल त्या लेखात एक ओळही नाही! सोव्हिएत लेन्सवर 'एल्मार' हे लायकाच्या लेन्सचं नाव कोरून सर्रास विकतात. नंबरही कोरता येतोच की.

आणि फोकस तपासाच. कधीतरी खोलून परत जोडलेली लेन्स रेंजफाइंडरशी जुळेलच असं नाही. माझी एक लेन्स काचेने अगदी निर्मळ होती, पण जवळच्या पोर्ट्रेटमध्ये फोकस कायम डोळ्यांच्या मागे जायचा. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, जवळून चार फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.