वाघाचं कातडं, अगदी मापाचं

सनबीम टायगर, ती साठच्या दशकातली इंग्लिश स्पोर्ट्स कार, घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. आता एकच पथ्य पाळा: गाडीखाली वाकून बघू नका. कंबर धरते, कपडे मळतात आणि नको ते दिसतं.

थोडा कुळाचार. रूट्स या ब्रिटिश मोटार समूहाची सनबीम अल्पाईन ही चार सिलिंडरची, नाकासमोर चालणारी सालस गाडी. तिच्याच बॉडीत फोर्डचं २६० घनइंची (शेवटी शेवटी २८९) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवून १९६४ ते १९६७ मध्ये टायगर काढली. नमुना कॅलिफोर्नियात कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसिंगवाल्याने घडवला, गाड्या इंग्लंडात वेस्ट ब्रॉमविचला जेन्सन कंपनीने जुळवल्या. टायगर निघाल्या ७,००० च्या आसपास, अल्पाईन जवळजवळ दहापट. वाघ थोडे आणि वाघाचं कातडं अंगाला चपखल बसेल अशी मंडळी भरपूर! अल्पाईनमध्ये व्ही-८ कोंबून तयार केलेल्या या प्राण्याला जाणकार ‘अल्जर’ म्हणतात. तुम्ही म्हणू नका, विकणाऱ्याला लागतं.

पुढच्या मडगार्डवर ‘पॉवर्ड बाय फोर्ड २६०’ हा बिल्ला दिसला की निम्मा सौदा झाला समजा. असा बिल्ला नवा कोरा विकत मिळतो हा विचारही मनात आणू नका. मग चेसिस नंबर. बी ९४७ किंवा बी ३८२ ने सुरू होतोय, शेजारी जेन्सनची ‘जेएएल’ पट्टीही आहे? झालं तर! पट्ट्या रिव्हेटवर बसतात आणि रिव्हेट ड्रिलने निघतात. गंजून मातीला मिळालेल्या टायगरच्या पट्ट्या कुणाच्या तरी खणात जपून ठेवलेल्या असतात. पट्टी साठ वर्षांची आणि रिव्हेटची डोकी कालची, असं दिसलं तर नजर हळूच आभाळाकडे वळवा.

बॉनेट उघडलंच, तर फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीचं, मनापासून कौतुक करा. काय तो गुळगुळीत पत्रा! खऱ्या टायगरची फायरवॉल तोंडावर मार खाल्ल्यासारखी दिसते. व्ही-८ त्या जागेत मावेना म्हणून जेन्सनचा कामगार प्रायमर आणि रंग मारून झालेल्या फायरवॉलवर घण घालायचा, पत्रा आत दाबायचा आणि मग इंजिन सरकवायचा. आपला अल्जरवाला त्यापेक्षा फार सुसंस्कृत. तो ग्राइंडरने सरळ रेषेत कापतो, नवा पत्रा वेल्ड करतो, पुट्टी भरून घासतो. कारखान्यात कुणी केलंच नव्हतं असं सुबक काम तुम्हाला फुकटात मिळतंय, आणखी काय हवं? डाव्या बाजूचा मागचा एक स्पार्क प्लग बॉनेटकडून हाताला येत नाही, म्हणून त्यासाठी फायरवॉलला भोक आहे. ते गाडीच्या आतून उघडतं आणि रबरी बुचाने बंद होतं. पण दुसऱ्याच्या गाडीतला गालिचा उचलून बूच शोधायचं? शोभतं का ते?

डिकी दुरूनच बघा. टायगरची स्टेपनी आडवी निजते आणि बॅटरी डिकीतच असते. शेवटच्या अल्पाईनमध्ये स्टेपनी उभी, बॅटरी सीटमागे. उभी असली तर जागा वाचते म्हणायचं.

खाली जायचं नाही असं ठरलंय खरं, पण मित्र घरून जॅक घेऊन आलाच तर त्याला आवरा. तो मागची दोन्ही चाकं उचलेल, गिअर न्यूट्रलला टाकेल आणि प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर, खडूची रेघ ओढेल. मग दोन्ही चाकं एकदम एक पूर्ण फेरा फिरवून रेघ मोजेल. टायगरचा अॅक्सल २.८८ चा, म्हणजे शाफ्ट तीन फेऱ्यांना थोडा कमी पडतो. अल्पाईनचा ३.८९, तिथे चारला थोडा कमी. अॅक्सल बदलता येतो म्हणून मित्र एवढ्यावर थांबणार नाही. तो मागे टायगरलाच असणाऱ्या पॅनहार्ड रॉडचा (अॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेट शोधेल, त्याच्या वेल्डिंगचं वय काढेल. पुढे टायगरचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे की अल्पाईनचा स्टिअरिंग बॉक्स, तेही विचारेल. अशा मित्रांना चहा पाजून वेळीच वाटेला लावावं.

इंजिनवर मात्र खुशाल तासभर घालवा, विकणाराही तिथेच रमतो. इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख सांकेतिक असते: ५सी१२ म्हणजे १२ मार्च १९६५. तारीख जुळली तरी बॉडी टायगरची ठरत नाही. जुळली नाही तरी गाडी खोटी ठरत नाही, कारण फोर्डचंच ३०२ घनइंची इंजिन त्याच जागेत बसतं आणि अनेक अस्सल टायगरमध्ये ते बसवलेलं आहे. म्हणूनच तर गप्पा इंजिनावर माराव्यात.

अमेरिकेतल्या टायगर मालकांच्या संघटनेचे तपासनीस बॉडी तपासून अस्सलपणाचा दाखला देतात. विकणारा म्हणेल, ‘कागद कशाला, माझा शब्द आहे की.’ शब्द घ्या. टायगरच्या भावात अल्जर घ्या. तीच गाडी अल्जर म्हणून, अल्जरच्या भावात विकणारा प्रामाणिक माणूस भेटला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका, तिथे काय मजा?

पहिल्याच उन्हाळ्यात सिग्नलला काटा लालकडे गेला तर घाबरू नका. ताप दोघींनाही सारखाच येतो.